मुलांचा फुटबॉल आणि मोठ्यांचा नेम

आजच्या भाषणाचा विषय मुलांच्या फुटबॉल-क्लबांतील स्वयंसेवा हा आहे. विषयाचें नांव ऐकून कित्येकांस असें वाटेल कीं, हा प्रश्न खेळाडूंचा आणि खेळाच्या शिक्षकांचा. ज्यांनीं आयुष्यांत चेंडूला पाय लावला नाहीं अशा गृहस्थांचा अगर गृहिणींचा त्याच्याशीं काय संबंध? परंतु मला जें सांगावयाचें आहे तें नेमकें याच्या उलट आहे. मुलांचा क्लब चालतो तो उत्तम खेळणाऱ्यांच्या जिवावर नव्हे, तर ठरलेल्या वेळीं ठरलेल्या ठिकाणीं येणाऱ्या साध्या माणसांच्या जिवावर. आणि तो बंद पडतो तोही बहुधा चेंडूच्या अगर पैशाच्या अभावीं नव्हे. अशा एखाद्या माणसाची जागा रिकामी होते, ती कोणीं भरावयाची हें आधीं ठरलेलें नसतें, म्हणून तो बंद पडतो.

बोलणें हवेंत राहूं नये म्हणून आपण एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. वऱ्हाडांत वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग नांवाचें गांव आहे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम हा वेगळा जिल्हा निघाला. त्या जिल्ह्याच्या वाशीम तालुक्यांतलें हें गांव. हा सारा टापू काळ्या जमिनीचा, सोयाबीन, तूर आणि कपाशी पिकविणारा. मुंबई-पुण्यास जाळीनें वेढलेलीं, तासाच्या भाड्यानें मिळणारीं हिरवीं मैदानें असतात; तशांची अपेक्षा अशा गांवीं करून चालत नाहीं. पण मुलें आहेत, संध्याकाळ आहे, आणि शाळेचें पटांगण किंवा पीक निघाल्यावर मोकळें झालेलें शेत आहे. अशा गांवीं दहा-बारा वर्षांच्या तीस मुलामुलींचा क्लब काढावयाचा तर काय लागतें, आणि तो दहा वर्षें टिकावयाचा तर काय लागतें, हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचें तितकें सोपें नाहीं, आणि आजचें बोलणें मुख्यतः त्यासाठींच आहे.

पहिल्याचें उत्तर थोडक्यांत देतों. फुटबॉल जगभर पसरला याचें एक कारण त्यास साहित्य फार थोडें लागतें हें होय. मोठ्यांचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. त्यास पांच नंबरचा चेंडू म्हणतात. दहा वर्षांच्या मुलाच्या पायाला तो जड होतो. त्याच्यासाठीं चार नंबरचा, आणि त्याहून लहानांसाठीं तीन नंबरचा चेंडू दुकानांत मिळतो. पूर्ण मैदान ९० ते १२० मीटर लांब असतें. लहान मुलांस त्याची गरज नाहीं, किंबहुना तें त्यांच्या शिकण्याच्या आड येतें. बावीस मुलें आणि एक चेंडू अशी मांडणी केली म्हणजे चपळ अशीं चार-पांच मुलें खेळतात आणि बाकीचीं नुसतीं धांवतात. तींच मुलें पांच-पांचांच्या संघांत वांटून, तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद अशा लहानशा चौकोनांत खेळविलीं, तर प्रत्येकाच्या पायाला चेंडू वरचेवर लागतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०१८ सालीं लहान मुलांसाठीं ‘गोल्डन बेबी लीग’ या नांवाची योजना काढली, तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे : थोडे खेळाडू, लहान मैदान आणि प्रत्येकास भरपूर खेळ.

जमिनीविषयीं मात्र वऱ्हाडांत अधिक विचार करावा लागतो. काळी माती पावसांत इतकी चिकट होते कीं बुटाला चिखलाचे गोळे लागतात, आणि उन्हाळ्यांत तिला अशा भेगा पडतात कीं धांवत्या मुलाचा पाय त्यांत अडकून घोटा मुरगळावा. म्हणून खेळाच्या तेवढ्या चौकोनावर मुरूम पसरून, पाणी मारून, तो रुळानें दाबून घेणें हें पहिलें काम. गोलाचे खांब बांबूचे चालतात. लोखंडी असतील तर ते जमिनींत पक्के रोवलेले पाहिजेत. सैल उभा केलेला जड सांगाडा लोंबकळणाऱ्या मुलाच्या अंगावर पडून मुलें दगावल्याचीं उदाहरणें निरनिराळ्या देशांत घडलेलीं आहेत. आणि ऊन! विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. त्या दिवसांत खेळ सूर्योदयाच्या सुमारास सुरू होऊन ऊन तापण्यापूर्वीं संपला पाहिजे, आणि पाण्याचा माठ मैदानावर मुलांच्या आधीं पोंचला पाहिजे. एवढें झालें म्हणजे क्लब निघाला. चार चेंडू, हवेचा पंप, शिट्टी, माठ, मलमपट्टीची पेटी आणि एक वही; खर्च एखाद्या घरच्या बारशापेक्षां अधिक होणार नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. स्वयंसेवा हा शब्द नवा असेल, पण वस्तु आपल्या खेड्यांस नवी नाहीं. एखाद्याचे बैल गेले अगर घरचा कर्ता अंथरुणास खिळला, कीं शेजारचे शेतकरी आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या शेतांत उतरत आणि एका दिवसांत त्याची नांगरट उरकून देत. त्या दिवशींचें जेवण एवढाच मोबदला. यालाच इर्जिक म्हणत. नॉर्वे देशांत ‘दुग्नाद’ या नांवाचा असाच सामुदायिक श्रमाचा प्रघात आहे, आणि तेथील मुलांचे खेळांचे क्लब बव्हंशीं आईबापांच्या अशा श्रमावर चालतात. जर्मनींत तेथील फुटबॉल महासंघाच्या छत्राखालीं सुमारें २४,००० क्लब आहेत; त्यांतील बहुतेक लहान क्लबांचा कारभार बिनपगारी माणसें पाहतात. मग आपल्याकडे इर्जिकेची वृत्ति असून असे क्लब कां टिकत नाहींत?

मला वाटतें, फरक वृत्तीचा नाहीं, काळाचा आहे. इर्जिक एका दिवसाची असते. एका दिवसाचें मोठें काम आपण मोठ्या हौसेनें करतो. सप्ताहाचा भंडारा असो, यात्रा असो, गणपतीची मिरवणूक असो, शेंकडों हात पुढें येतात. फुटबॉलचेंही तसेंच होतें. कोणाच्या तरी स्मरणार्थ चषकाची स्पर्धा भरते. मांडव पडतो, ध्वनिक्षेपक लागतो, पाहुण्यांस हार घातले जातात, अंतिम सामन्यास सारें गांव लोटतें. स्पर्धा संपली कीं चेंडू कपाटांत जातो आणि मुलें पुन्हां रस्त्यावर येतात. स्पर्धा वाईट असें मी म्हणत नाहीं. परंतु क्लब म्हणजे स्पर्धा नव्हे. क्लब म्हणजे मंगळवारची ती रोडावलेली संध्याकाळ, ज्या दिवशीं टाळ्या वाजविणारें कोणी नसतें, आभाळ भरून आलेलें असतें, आणि तरीही कोणीतरी शिट्टी गळ्यांत घालून साडेपांचास मैदानावर उभें असतें. एका दिवसाच्या दानाला आपण पुण्य म्हणतों. रोजच्या या थोड्याशा देण्याला आपल्या भाषेंत जुना शब्द आहे, नेम.

हा नेम मुलाच्या बाजूनें पाहिला म्हणजे त्याचें महत्त्व कळतें. मूल मैदानावर आलें आणि तें रिकामें दिसलें, तर तें दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतें. दुसऱ्या दिवशींही तसेंच झालें तर तिसऱ्या दिवशीं येत नाहीं. आणि न येण्याचें कारण तें कोणास सांगतही नाहीं. ज्याच्या घरीं सारें व्यवस्थित आहे त्याचें यांत फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्याचा बाप दिवाळीनंतर कामासाठीं परगांवीं जातो, ज्याच्या घरीं रोज नवा प्रश्न उभा असतो, त्या मुलाच्या आयुष्यांत शब्दाप्रमाणें घडणारी एखादीच गोष्ट असते, आणि ती जर आपण मैदानावर देऊं केली असेल, तर ती काढून घेण्याचा आपल्यास अधिकार नाहीं. क्लब न काढण्यानें जितकें नुकसान होत नाहीं तितकें तो काढून सोडून देण्यानें होतें. म्हणून मी तरुण कार्यकर्त्यांस म्हणेन, आठवड्याचे सहा दिवस बोलूं नका. दोन दिवस बोला, पण ते दोन दिवस पाळा.

आणि नेम धरतांना गांवाचें पंचांग पाहावें. जून-जुलैंत पेरणी, पुढें निंदणी-खुरपणी, आणि दसऱ्याच्या आगेंमागें सोयाबीनची कापणी. या दिवसांत पोरें घरच्या कामास लागतात, आणि लागलींच पाहिजेत. त्या वेळीं गैरहजेरीबद्दल मुलांस रागावणें म्हणजे त्यांस आईबापांच्या आणि क्लबाच्या कात्रींत धरणें होय. कापणीच्या पंधरवड्यांत खेळ अर्धा तासच ठेवावा, पण बंद ठेवूं नये. चार मुलें आलीं तर चौघांस खेळवावें. बाकीच्यांस एवढें कळलें म्हणजे पुरे कीं, मैदान आपली वाट पाहत आहे.

हें सारें कल्पनेंतलें नव्हे, याचें उदाहरण विदर्भांतच, नागपुरास, आहे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं २००१ सालीं भर पावसांत एका फुटक्या बादलीला लाथाडीत खेळणारीं झोपडपट्टीचीं मुलें पाहिलीं. त्या मुलांच्या हातीं त्यांनीं चेंडू दिला, वस्त्यावस्त्यांचे संघ जमविले, आणि त्यांतून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ व पुढें ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरीं २००३ सालीं बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचा आरंभ झाला. त्या स्पर्धेंत पुढें या संस्थेनें घडविलेले खेळाडू भारताकडून खेळले. २०१६ सालीं जागतिक फुटबॉल महासंघानें, म्हणजे फिफानें, आपला विविधतेचा पुरस्कार या संस्थेस दिला, आणि २०२२ सालीं नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावरून निघाला.

चित्रपटामुळें तो पावसाचा दिवस सर्वांच्या लक्षांत राहिला. पण विचार करण्याजोगी गोष्ट त्या दिवसाच्या नंतरची आहे. फुटकी बादली खेळणारीं मुलें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. हळहळून आपण पुढें गेलों. बारसे दुसऱ्या दिवशींही तेथें होते, आणि पुढल्या वर्षींही होते. शिवाय हें काम एका माणसाच्या उमेदीवर थांबलें नाहीं. त्यांचे पुत्र अभिजित यांनीं तें पुढें चालविलें. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, संस्थेच्या मैदानावर जीं मुलें खेळलीं त्यांच्यापैकींच कित्येक पुढें तिचे प्रशिक्षक झाले. जें मूल काल शिट्टी ऐकत होतें तेंच आज शिट्टी वाजवीत आहे, हें क्लब जिवंत असल्याचें सर्वांत खरें लक्षण होय.

दुसरें उदाहरण कोल्हापूरचें आहे आणि तें निराळ्या जातीचें आहे. तेथें फुटबॉल तालमींनीं जोपासला. तालीम ही मुळांत कुस्तीची आणि पेठेच्या एकोप्याची जागा. तिच्याच नांवानें फुटबॉलचे संघ उतरूं लागले. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हीं नांवें कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या गाजत आलीं आहेत. तेथील क्लब एखाद्या दात्याचा अगर शिक्षकाचा नाहीं, तो पेठेचा आहे. खेळणारा मुलगा पेठेचा, आणि त्याच्या संघाचा भार उचलणारीं घरेंही पेठेचींच. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हां भारताच्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हें अशा वातावरणाचें फळ आहे. या पद्धतींत एक दोषही आहे. पेठेचा अभिमान कधीं कधीं ईर्षेस पोंचतो आणि मोठ्यांचें भांडण मुलांच्या मैदानावर येतें. परंतु गुण एवढा मोठा आहे कीं तो खेड्यांनीं घ्यावा : क्लब कोणा एकाचा नसावा, वस्तीचा असावा.

तिसरें उदाहरण फुटबॉलचें नाहीं, पण तें वऱ्हाडाच्या घरचें आहे. अमरावतीस १९१४ सालीं अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. एका आखाड्यापासून निघालेल्या या संस्थेनें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं कबड्डीसारखे आपले खेळ जगास दाखविले, आणि पुढें शारीरिक शिक्षणाचीं महाविद्यालयें चालविलीं. संस्थापक गेले, शतक उलटलें, संस्था राहिली. वऱ्हाडी माणसास संस्था टिकवितां येत नाहीं असें जो म्हणेल त्यास अमरावतीचा रस्ता दाखवावा.

या तिन्ही उदाहरणांचें सार काढलें तर असें दिसतें कीं, टिकाऊ क्लबास तीन गोष्टी लागतात. नेम धरणारा माणूस, त्याच्या पाठीशीं उभी राहणारी वस्ती, आणि त्याच्यामागून येणारा दुसरा माणूस. पहिल्याविषयीं बोललों. आतां वस्तीविषयीं.

एकच माणूस चेंडू फुगवितो, खेळ शिकवितो, हिशेब ठेवतो, मुलांस सामन्याला घेऊन जातो, आणि पालकांच्या तक्रारीही ऐकतो, असें जेथें चालतें तेथें तो दोन वर्षांत थकतो. वस्तुतः यांतील निम्म्या कामांस फुटबॉल येण्याची मुळींच गरज नाहीं. निवृत्त कारकुनानें वही ठेवावी : मुलाचें नांव, जन्मतारीख, पालकाचा फोन, दमा किंवा फेफरें असल्यास त्याची नोंद. एखाद्या परिचारिकेनें महिन्यांतून एकदां येऊन मलमपट्टीची पेटी तपासावी. शिंप्यानें दोन रंगांचे सदरे शिवून द्यावेत. कोणा आईनें माठाचें पाणी पाहावें. हिशेब दरमहा सर्वांसमक्ष वाचून दाखवावा, मग रक्कम दोनशें रुपयांची कां असेना. कारण संशयानें जेवढीं मंडळें मोडलीं तेवढीं कर्जानेंही मोडलीं नसतील. क्लब रुळला म्हणजे तो १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं नोंदवावा. त्यास किमान सात सभासद लागतात; आणि सात जबाबदार माणसें मिळत नसतील तर क्लब अजून वस्तीचा झालेला नाहीं, असें समजावें.

वस्तीचें आणखी एक कर्तव्य आहे, आणि तें बोलावयास अवघड असलें तरी बोललेंच पाहिजे. जेथें मुलें येतात तेथें मुलांस फसविणारी माणसेंही येऊं शकतात. ‘आमच्या गांवीं तसें कांहीं नाहीं’ हें उत्तर पुरेसें नाहीं. मैदानावर नेहमीं किमान दोन प्रौढ माणसें असावींत. कोणाही मोठ्या माणसानें एकट्या मुलास आपल्या वाहनावरून नेऊं नये, अगर घरीं बोलावूं नये. परगांवच्या सामन्यास जातांना मुली असतील तर स्त्री-स्वयंसेविका बरोबर असलीच पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें अगर होण्याचा संभव असल्याचें ज्यास कळेल त्यानें तें पोलिसांस कळविणें हें त्याच्यावर बंधनकारक आहे. गांवाची अब्रू, घराण्याचें नांव, या सबबी तेथें चालत नाहींत. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक मैदानाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. सज्जन स्वयंसेवकास या नियमांचा राग येण्याचें कारण नाहीं. ते त्याचेंही रक्षण करतात.

मुलींचा उल्लेख आला म्हणून सांगतों. २०२२ सालीं सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतांत झाली आणि तिचे कांहीं सामने नवी मुंबईस झाले. पण खेड्यांतल्या मुलीची अडचण जागतिक स्पर्धेनें सुटत नाहीं. तिच्या अडचणी साध्या असतात : जवळ शौचालय आहे काय, खेळ दिवेलागणीपूर्वीं संपतो काय, आणि मैदानावर एखादी मावशी अगर ताई असते काय. या तीन प्रश्नांचें ‘होय’ असें उत्तर देतां आलें कीं मुली येतात. मैदानाच्या कडेला विणकाम घेऊन नेमानें बसणारी एक मावशी दहा भाषणांपेक्षां मुलींच्या खेळास अधिक उपयोगी पडेल.

खेळ शिकवावयाचा कसा, हें विस्तारानें सांगण्यास वेळ नाहीं. तीन सूचना मात्र करतों. पहिली, सर्वांस सारखें खेळवावें. बारा वर्षांपूर्वीं कोण मोठा खेळाडू होणार हें कोणासही सांगतां येत नाहीं; जो आज ढिला आहे तोच अंग भरल्यावर पुढें निघतो, पण तोंवर तो मैदानावर राहिला तर. नॉर्वेंत दहा वर्षांच्या आंतील मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते लावीत नाहींत, त्याचें कारण हेंच. दुसरी, लहानांस डोक्यानें चेंडू मारावयास शिकवूं नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनें २०१५ सालीं दहा वर्षांखालील मुलांस तसें करण्याची मनाई जाहीर केली. वाढत्या मेंदूच्या बाबतींत सावधपणा हाच शहाणपणा. खेळतांना डोक्यास मार लागून मूल भांबावलें, त्यास मळमळूं लागलें, तर त्या दिवशीं त्यास पुन्हां खेळवूं नये आणि डॉक्टरांस दाखवावें, मग अंतिम सामना कां असेना. तिसरी सूचना पालकांस आहे. कडेनें ओरडूं नये. मूल एकाच वेळीं चेंडूकडे, गड्याकडे आणि बापाकडे पाहूं शकत नाहीं.

आतां राहिला मागून येणारा माणूस, आणि माझ्या मतें सारा प्रश्न येथेंच आहे. खेड्यांतले पुष्कळसे क्लब एखाद्या हौशी शिक्षकामुळें निघतात. शिक्षकाची बदली व्हावयाचीच. तरुण कार्यकर्ता असेल तर त्यास पुण्यास नोकरी लागते, मुलीचें लग्न होतें. यांत कोणाचाच दोष नाहीं. दोष असतो तो इतकाच कीं, जो जातो त्यानें आपली जागा घेणारा तयार केलेला नसतो. कित्येकदां तर ‘माझ्यावांचून हें चालत नाहीं’ यांतच त्यास गोड समाधान वाटत असतें. स्वयंसेवकाच्या अंगीं शिरणारा हा सूक्ष्म अहंकार क्लबास कर्जापेक्षां आणि चिखलापेक्षां घातक आहे.

यावर उपाय पहिल्या महिन्यापासून करावा लागतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांकडे आठ-नऊ वर्षांच्यांचा एक-एक गट सोंपवावा. शिट्टी, वही आणि किल्ली हीं तीन माणसांकडे असावींत. महिन्यांतून एक दिवस मुख्य स्वयंसेवकानें मुद्दाम येऊं नये आणि काय होतें तें दुसऱ्या दिवशीं विचारावें. खेळ नेहमींप्रमाणें झाला असेल तर त्यानें आनंद मानावा. मुलें परत गेलीं असतील तर कोठें भगदाड आहे हें त्यास कळलें. ज्या मोठ्या मुलामुलींस यांत गोडी वाटेल त्यांस अखिल भारतीय महासंघाच्या प्रशिक्षक-परीक्षांच्या पायरीपायरीच्या मार्गावर पाठवावें. स्वयंसेवकाचें मोल तो किती दिवस आला यावरून ठरतें हें खरें. पण त्याहून अधिक तें, तो ज्या दिवशीं आला नाहीं त्या दिवशीं मैदानावर काय झालें, यावरून ठरतें.

श्रोतेहो, हें भाषण ऐकणारांपैकीं पुष्कळजण शहरांत राहतात. आपलीं मुलें फी भरून नीटनेटक्या मैदानावर खेळतात; तेथें मुरूम पसरावा लागत नाहीं कीं माठ भरावा लागत नाहीं. परंतु आपल्यापैकीं अनेकांचें मूळ गांव अनसिंगसारखेंच कोठेंतरी आहे. गांवाची आठवण आली म्हणजे आपण देवळास देणगी देतों, यात्रेस जातों, फार तर एखादा चषक देतों. तेंही द्यावें, पण चषक देण्यापूर्वीं एकदां विचारावें कीं, चषकानंतरच्या मंगळवारीं या मुलांस कोण खेळवितो? असा कोणी असेल तर त्याच्याकडे जावें, त्यास काय हवें तें विचारावें, आणि त्याच्या जोडीला दुसरें कोणी आहे कीं नाहीं याची चौकशी करावी. निवृत्तीनंतर गांवीं परतलेल्या गृहस्थानें ती दुसरी जागा घेतली तर त्याच्या उरलेल्या वर्षांस त्याहून चांगलें काम मिळणें कठीण. ज्यांस गांवीं जाणें शक्य नाहीं त्यांच्या मोहल्ल्यांत, त्यांच्या इमारतीच्या मागल्या वस्तींतही संध्याकाळ होते आणि मुलें असतात.

त्यासाठीं फार कांहीं द्यावें लागत नाहीं. आठवड्यांतले दोन तास, ठरलेली जागा, आणि आपल्यामागें हें कोण करील याची आजच केलेली तजवीज. एवढें जो देईल त्यास फुटबॉल येत नसला तरी चालेल. चेंडू कसा मारावा हें मुलें त्यास हंसत हंसत शिकवितील.